डोंगरी सायकल-शिबिराची तयारी कशी करावी?

प्रश्न:
मी हौशी सायकलपटू असून सपाट रस्त्यावर १०० किलोमीटर सहज पार करतो. आता सहा दिवसांच्या डोंगरी प्रशिक्षण शिबिराला जाण्याचा विचार आहे. तयारीत भर कशावर द्यावा आणि गिअर बदलून घ्यावेत का?

उत्तर १:
गिअर अवश्य बदलावेत. फ्रान्समधील आल्प द्युएझचा चढ सुमारे १३.८ किलोमीटरचा आणि सरासरी ८ टक्क्यांचा (दर १०० मीटरला ८ मीटर उंची) आहे. अशा चढावर पुढे ३४ व मागेही ३४ दातांची चकती असली, तर ताशी नऊ किलोमीटरच्या संथ वेगातही पायडल मिनिटाला सत्तर वेळा फिरतात आणि गुडघ्यांवर ताण कमी येतो. जवळ चढ नसल्यास समोरचा वारा अंगावर घेऊन वीस-वीस मिनिटे एकसारखा जोर लावावा.

उत्तर २:
खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी असते. पहिल्या दिवशी पाय ताजे असल्यामुळे पुढच्या गटामागे धावण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. तासाला किमान ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, आणि ही सवय सरावातच लावून घ्यावी, कारण पोटालाही सराव लागतो.

उत्तर ३:
उताराकडे दुर्लक्ष नको. वेग वळणापूर्वीच कमी करावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम-ब्रेकच्या (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबणाऱ्या ब्रेकच्या) सायकलीचे रिम तापून ट्यूब फुटू शकते.