ब्रीफला मुदतवाढ म्हणजे केस कच्ची नव्हे

वकिलाने ब्रीफसाठी, म्हणजे अपिलातल्या लेखी युक्तिवादासाठी, मुदत वाढवून घेतली म्हणून केस कच्ची आहे का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नाही, निश्चिंत राहा. अमेरिकेच्या फेडरल अपिलात एरवी रेकॉर्ड (खालच्या कोर्टातली कागदपत्रं) दाखल झाल्यापासून अपील करणाऱ्याला ४० दिवस, मग समोरच्याला ३० आणि प्रत्युत्तराला २१ मिळतात. नाइन्थ सर्किटमध्ये (अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या फेडरल अपील कोर्टात) तर बहुतेक प्रकरणांत पहिली ३० दिवसांची वाढ कारण न देताही मिळते. माझ्या भावाच्या वकिलाने शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑनलाइन विनंती टाकली, तारीख महिनाभर पुढे! त्यापुढची वाढ मात्र ७ दिवस आधी, सबळ कारणासह रीतसर मोशन (कोर्टाकडे लेखी अर्ज) करूनच मागायची. खरा जीव टांगणीला लागतो तो अपिलाच्या नोटिशीत, म्हणजे अपील करतोय हे कळवणाऱ्या पहिल्या कागदात. दिवाणीत ३० दिवस, अमेरिकी सरकार पक्षकार असेल तर ६०. ती चुकली तर अपील कोर्टालाही ती मुदत वाढवता येत नाही. खालच्या कोर्टाकडेच लगोलग धावावं लागतं.