[मंडळ-गप्पा] सर्फबोर्ड: ९ फुटी की ६-२ फिश? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा

प्रेषक: अमोल (मीरा मेसा)

मंडळी, पटकन मदत हवीये. एकाकडे दोन जुने बोर्ड विकायला आहेत, एक ९ फुटी लाँगबोर्ड (साडेबावीस इंच रुंद, ३ इंच जाड) आणि एक ६-२ फिश (म्हणजे ६ फूट २ इंची आखूड बोर्ड, साडेएकवीस इंच रुंद, २ ५/८ जाड). दोन्ही सारख्याच भावात देतोय, उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. माझं वजन ८२ किलो. सॅन डिएगोच्या ला होया शोअर्स किनाऱ्यावर भाड्याच्या फोमच्या बोर्डवर उभा राहतो, फुटलेल्या पांढऱ्या पाण्यात तर नेहमीच, हिरव्या, न फुटलेल्या लाटेवर कधी कधी. लाट कंबर ते छाती, त्याच्यावर मी काठावरच बसतो. मन फिशवर आहे कारण ९ फूट आमच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याला वळण आहे, आणि बाल्कनीत एचओए (सोसायटीची कमिटी) काही ठेवू देत नाही. शिवाय दुकानात फिशवर 'छोट्या लाटांसाठी' असंच लिहिलेलं असतं ना?

९ फुटी घेतलाच तर मंडळाच्या स्टोरेजमध्ये ढोलांच्या मागे उभा ठेवता येईल का? वृंदाताई?

अमोल

प्रेषक: हर्षद

लिटर बघ रे, बाकी सगळं फॅशन आहे. फिशचं आकारमान साधारण ३९ लिटर भरेल, ८२ किलोला ३९ म्हणजे किलोमागे ०.४८. रोज जाणारे ०.३५-०.४० वर असतात, शिकाऊ माणूस ०.८ च्या वर. तू मधला. म्हणजे फिश चालायला हरकत नाही. ९ फुटी ७० च्या आसपास जाईल, तो तुला जास्त होतोय. आकडे खोटं बोलत नाहीत.

प्रेषक: स्मिता (पॅसिफिक बीच)

अमोल, फिश नको. निदान आत्ता नको.

हर्षद, लिटर म्हणजे बोर्ड किती तरंगतो एवढंच, लाट पकडणं वेगळी गोष्ट आहे. शोअर्सची लाट कशी येते आठव, मऊ, आळशी, ढकलतच नाही. अशा लाटेत ती फुटायच्या बरीच आधी तुला हाताने वेग घ्यायचा असतो, आणि हातांनी वेग येतो तो लांबीने, कारण लांब बोर्ड पाण्याला कापत सरळ जातो आणि दोन वल्ह्यांमध्ये थांबत नाही. तेवढेच लिटर ६ फुटात कोंबले तरी तसं सरकत जाणं येत नाही. आखूड बोर्डवर माणूस लाट उभी राहीपर्यंत थांबतो आणि मग एका झटक्यात उभा राहतो. तू एका झटक्यात उभा राहतोस का? मी पाहिलंय तुला, आधी गुडघा टेकतोस.

'छोट्या लाटांसाठी' लिहिलेलं असतं ते खरंच आहे पण ते कोणासाठी लिहिलंय बघ. फिशला नाकाकडचा बाक कमी, शेपूट रुंद, म्हणून कमजोर लाटेतही पाण्यावर सपाट होऊन पळतो. ज्याला शॉर्टबोर्ड येतो आणि आज लाट मरतुकडी आहे म्हणून कंटाळा आलाय, त्याच्यासाठी तो छोट्या लाटेचा बोर्ड. शिकणाऱ्याचा छोट्या लाटेचा बोर्ड म्हणजे ९ फुटी. दोघांची लाट तीच, बोर्ड उलटे.

आणि ९ फुटी वळवणं म्हणजे घाटात एसटी वळवणं, ते कबूल. पण तुला आत्ता वळायचं कुठे आहे.

प्रेषक: नाना (क्लेअरमाँट)

फिशला नावं ठेवू नका, तो आपल्या सॅन डिएगोचा आहे. स्टीव्ह लिसने १९६७ साली इथेच बनवला, आणि बनवला तो गुडघ्यावर बसून लाट घ्यायला, म्हणून आखूड आणि रुंद. उभे राहणाऱ्यांनी नंतर उचलला. त्याच्याही आधी बॉब सिमन्स, तो गणिती माणूस, बोर्डचा तळ होडीसारखा पाण्यावर सरकला पाहिजे म्हणून प्रयोग करायचा, १९५४ मध्ये इथल्याच विंडनसी किनाऱ्यावर लाटेत गेला बिचारा. हे आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

आता मुद्द्याचं. कंबर ते छाती म्हणजे नेमकं किती? लाटांच्या अंदाजात ३ फूट लिहिलेलं असतं ते लाटेचं तोंड, हवाईत म्हातारे लोक त्याच लाटेला दीड-दोन म्हणतील. आम्ही वेंगुर्ल्याला लहानपणी फळीवर पोट टाकून काठाला यायचो, तेव्हा फूट-बीट कोणी विचारलं नाही, उधाण आहे की नाही एवढंच. रापणवाल्यांनी हाकललं की घरी.

प्रेषक: वृंदा (स्टोरेज)

अमोल, नाही.

पोवेच्या युनिटचं छत ८ फूट आहे, ९ फुटी उभा राहणारच नाही. दुसरं म्हणजे त्या बोर्डाला मेण लावतात ना? ऑगस्टमध्ये आत किती तापतं हे ज्यांनी ढोल उचलले त्यांना विचारा. ते मेण वितळून ढोलाच्या पानावर ओघळलं तर मिरवणुकीच्या आदल्या रात्री पानं कोण बदलणार? तिसरं, ही मंडळाची वस्तू नाही. गेल्या वर्षी त्या तंबूचं काय झालं ते लिस्टवर परत काढायला लावू नका.

वृंदा

प्रेषक: हर्षद

> छत ८ फूट आहे, ९ फुटी उभा राहणारच नाही

ताई, तिरका राहील. भिंत १० फूट लांब, छत ८, कोपऱ्यातून कोपऱ्यात पावणेतेरा फूट मिळतात.

प्रेषक: वृंदा (स्टोरेज)

त्या भिंतीला मखर आहे, हर्षद. पावणेतेरा फूट मखराचे आहेत.

प्रेषक: प्राची

मी काही सर्फिंग करत नाही पण फिश घेतला तर डिसेंबरात गोव्याला नेता येईल ना? आम्ही सगळे आश्वेला आहोत नाताळात, अमोल पण येतोय असं ऐकलं.

प्रेषक: अमोल

प्राची तेच डोक्यात होतं खरं :)

प्रेषक: स्मिता (पॅसिफिक बीच)

अरे डिसेंबरात गोव्याचा समुद्र शांत असतो, म्हणून तर सगळे पोहायला जातात. अरबी समुद्राला लाट असते ती पावसाळ्यात, आणि तेव्हा तिथे पाण्यात उतरू देत नाहीत. दोन विमानांमधून बोर्ड नेण्याचे पैसे भरून तो रेतीत उभा करून फोटो काढायचा असेल तर ने. खरंच करायचं असेल तर खाली कर्नाटकात मुल्कीला जा, तिथे सर्फ क्लब आहे, बोर्ड तिथेच भाड्याने घे.

नाना, फुटाबद्दल बरोबर, पण नुसती उंचीही पुरत नाही. दोन लाटांमधले सेकंद बघायचे. ३ फूट ७ सेकंद म्हणजे वाऱ्याने उठवलेली चिवडाचिवड, ३ फूट १५ सेकंद म्हणजे लांबून आलेली, जोरदार. अमोलला वाटेल तीच लाट आहे आणि तीच नाक खाली घालून आपटेल, विशेषतः ९ फुटीवर, कारण लांब नाक उभ्या लाटेत पटकन बुडतं. म्हणून जिथे लाट हळू फुटते तिथेच जायचं. टूरमलीन किनाऱ्यावर जा, तिथे पोहायला बंदी आहे त्यामुळे बोर्डसमोर कोणाचं पोर येत नाही, आणि लाट लांबवर सरकत येते. शोअर्सला पोहणाऱ्यांच्या बाजूला ९ फुटी हातून सुटला तर काय होईल ते मला लिहायचं नाहीये. आणि दोन्हीकडे पाय घसटत चाला, वाळूत स्टिंगरे असतात. सकाळी लवकर, अकरानंतर वारा पाणी खराब करतो.

प्रेषक: हर्षद

मग मधला मार्ग, ७-६ मिडलेंग्थ (मधल्या लांबीचा बोर्ड)? ५० लिटरच्या आसपास, ०.६. लिफ्टमध्ये तिरका जाईल.

प्रेषक: स्मिता (पॅसिफिक बीच)

जाईल. चांगला बोर्ड आहे तो, पण विकायला आहेत दोन, तिसरा कुठून आणणार? आणि ७-६ नवा घ्यायचा म्हणजे या दोन्हींच्या किमतीत बसणार नाही. सगळे मधला मार्ग सुचवतात, तो घ्यायचे पैसे कोणी सुचवत नाही.

अमोल, ९ फुटी बघायला जाशील तेव्हा उन्हात धर. पिवळा पडलाय म्हणून घाबरू नकोस, पीयू (पॉलियुरेथेन) फोम उन्हाने पिवळा पडतोच. तपकिरी डाग मात्र बघ, तिथून पाणी आत गेलेलं असतं. उभं राहायच्या जागी अंगठ्याने दाब, पापुद्रा सुटल्यासारखा मऊ लागला तर उठून ये. मधोमध लाकडाची पट्टी असते, तिच्यावर आडवी चीर दिसली तर बोर्ड एकदा मोडून जोडलेला आहे. तळाच्या फिनचा (पराचा) खाचा हलवून बघ. आणि उचलून बघ, त्या मापाच्या मानाने जड वाटला तर आत समुद्र आहे. इपॉक्सी असेल तर बंद गाडीत उन्हात ठेवायचाच नाही, फुगतो.

प्रेषक: नाना (क्लेअरमाँट)

पीयूवरून आठवलं. २००५ च्या डिसेंबरात क्लार्क फोम अचानक बंद झाली, अमेरिकेतले बहुतेक फोमचे ठोकळे तिथूनच जायचे, एका दिवसात शेपरांची, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्यांची, धावपळ. त्यानंतर इपॉक्सी आणि बाहेरून आलेले बोर्ड जास्त दिसायला लागले. तेव्हा जुना पीयू बोर्ड सापडत असेल तर घे बाबा.

प्रेषक: कोषाध्यक्ष

मंडळी, बोर्डवर कितीही बोला, पण मंडळाच्या विम्यात सदस्यांच्या खाजगी वस्तू येत नाहीत. शोअर्सच्या सहलीत कोणी हा बोर्ड मुलांना दिला तर त्याची जबाबदारी ज्याची त्याची. हे मी लेखी नोंदवून ठेवतोय. सहलीचे पैसे अजून १४ जणांचे यायचेत.

प्रेषक: अमोल

घेतला. ९ फुटी. पीयू आहे, एक डाग होता पण दुरुस्त केलेला, अंगठा दाबून बघितला, कडक आहे. एकच लांब फिन आहे, १० इंची. लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) नव्हता, ९ फुटीच घेऊ ना? बोर्ड सध्या गाडीच्या टपावर पट्ट्याने बांधलाय, घरी नेता येत नाहीये. वृंदाताई, मेण पूर्ण खरवडून, चादरीत गुंडाळून आणतो. मखराला हातही लावणार नाही.

प्रेषक: स्मिता (पॅसिफिक बीच)

लीश ९ फुटीच. फिनचा स्क्रू आणि ती पितळी पट्टी काढलीस तर डबीत ठेव, वाळूत पडली की सापडत नाही. मेण कूल किंवा वॉर्म पाण्याचं घे, इथल्या पाण्याला ट्रॉपिकल नको. शनिवारी ७ ला टूरमलीनच्या पार्किंगमध्ये ये.

प्रेषक: वृंदा (स्टोरेज)

गणपतीपर्यंत ठेव. मखराच्या वर दोन हुक मारलेत, त्यावर आडवा. मखर बाहेर काढायच्या दिवशी तू आणि हर्षद दोघांनी सकाळी ८ ला यायचं, ट्रक हर्षद भाड्याने आणेल, मोजमाप त्यालाच येतं.

प्रेषक: हर्षद

मी हो कधी म्हणालो?