मदत हवी आहे: दोन डोसच्या मधलं दुखणं कसं कमी करता?

नमस्कार ताई-दादांनो, मी बीड जिल्ह्यात सर्जिकल वॉर्डला स्टाफ नर्स आहे. ऑपरेशनच्या पेशंटला डॉक्टरांनी लिहिलेलं इंजेक्शन तर चालूच असतं, पण दोन डोसच्या मधी जी कळ निघते ना तेव्हा आपण काय करायचं? मी खोकताना पोटावर उशी दाबून धरायला लावते म्हणजे टाके ओढत नाहीत, सावकाश श्वास घ्यायला सांगते अन् दुखणं ० ते १० मधी किती ते आधी अन् नंतर विचारून लिहिते.

परवा एक ऊसतोडीवाली माय म्हणली, "पोरी आकडा काय सांगू, लई ठणकतंय बघ." मग तिची पाठ १० मिनिटं हलक्या हातानं चोळली तर तिला झोपच लागली, मला लई बरं वाटलं. १९६५ ची मेलझॅक अन् वॉलची गेट कंट्रोल थिअरी शिकले होते, स्पर्शामुळं दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडतो म्हणून, तीच आठवली.

पण शुगरच्या पेशंटला गरम पिशवी द्यायची भीती वाटते, पायाला जाणीव कमी असली की भाजलेलं कळत नाही. त्यांना काय करता? आणि आकडे न सांगता येणाऱ्या आज्यांना चेहऱ्याची चित्रं दाखवून जमतं का? कुणी वापरत असेल तर सांगा प्लीज, उद्यापासून माझी नाईट आहे.