मॅक्रोबायोटिक आहारासोबत चालणे पुरेसे आहे का?

प्रश्न (इंदिरानगरकर)

नमस्कार. माझे वय 52 आहे. गेले सात महिने मी मॅक्रोबायोटिक पद्धतीने जेवते: हातसडीचा तांदूळ, नागली, ऋतूतल्या भाज्या, मुगाचे किंवा कुळथाचे कढण; दूध, साखर आणि मांसाहार मात्र बंद. पित्ताचा जुना त्रास कमी झाला आणि वजन सहा किलोंनी उतरले. रोज पहाटे गोल्फ क्लब मैदानावर चाळीस मिनिटे चालते. तरीही गेल्या रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना निम्म्या वाटेतच मांड्या थरथरू लागल्या आणि मला बसावे लागले. असे पूर्वी कधी झाले नव्हते. आहार शिकवणाऱ्या बाई म्हणतात की चालणे आणि घरकाम पुरेसे आहे, तर जिममधला प्रशिक्षक म्हणतो की अंडी आणि प्रोटीन पावडरीवाचून भागणार नाही. कोणाचे ऐकावे?

उत्तर (गोदाकाठ)

ताई, बाई परंपरेला धरूनच बोलत आहेत. ही पद्धत मांडणाऱ्या जॉर्ज ओहसावा यांच्यानंतर ती अमेरिकेत रुजवणाऱ्या मिचिओ कुशी यांनी आहाराइतकाच दिनचर्येवर भर दिला: रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चालणे, जमल्यास गवतावर अनवाणी, गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने अंग घासणे, झोपण्यापूर्वी तीन तास काही न खाणे, आणि स्वतःचे अंग स्वतःच दाबण्याची, चोळण्याची ‘दो-इन’ ही जपानी पद्धत. मी टॉवेलचा प्रयोग दोन हिवाळे केला आहे आणि नाशिकच्या थंडीत त्याने खरोखर तरतरी येते.

अडचण ‘घरकाम’ या शब्दात आहे. उकिडवे बसून फरशी पुसणे, जाते ओढणे, विहिरीचे पाणी शेंदणे यांत मांड्या, कंबर आणि खांदे आपोआप राबत. आज आपण दांड्याच्या मॉपने उभ्या-उभ्या फरशी पुसतो आणि गिरणीतून पीठ आणतो, म्हणून जुना सल्ला शब्दशः पाळला तरी त्यातली मेहनत आपल्या वाट्याला येत नाही.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, कॉलेज रोड)

वरील मुद्दा योग्य आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. तुमचे चालणे पहिल्या भागात बसते. दुसरा भाग पूर्ण राहून गेला आहे. शिवाय वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर थोडा स्नायूही जातो, आणि रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वयात तो आपसूक भरून येत नाही.

हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून उभ्याने दंड काढणे, एकेक पायरी सावकाश चढणे-उतरणे: हे एक दिवसाआड करावे. पावडरीची सक्ती मला पटत नाही, पण पातळ कढणावर भागत नाही हेही खरे. दोन्ही जेवणांत कुळीथ, मूग किंवा मसूर घट्टसर आणि वाटीभर असू द्या. नागलीत कॅल्शियम भरपूर असले तरी प्रथिने बेताचीच आहेत.

सर्वांत आधी मात्र डॉक्टरांना दाखवून बी-12, हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दूधही बंद असल्याने बी-12 मिळण्याचा मार्गच उरलेला नाही. या आहारातल्या समुद्री शेवाळावर त्यासाठी विसंबता येत नाही. चढताना छातीत दुखले किंवा दम लागला असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे जा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. दम लागला नव्हता, फक्त पायांतले बळ गेले होते. तपासणी याच आठवड्यात करून घेते. उद्यापासून मॉप बाजूला ठेवून निदान स्वयंपाकघराची फरशी बसून पुसेन म्हणते. गुडघे काय म्हणतात ते पंधरा दिवसांनी इथेच लिहीन.