हर्णैच्या मुलाची डिपोर्टेशन केस : तातडीनं माहिती हवी

नमस्कार मंडळी,
सध्या हर्णैला माहेरी आहे. शेजारचा मुलगा न्यू जर्सीत असतो. आंतरजातीय लग्नावरून जिवाच्या धमक्या आल्या, म्हणून त्यानं असायलम, म्हणजे अमेरिकेत आश्रय, मागितला. न्यूअर्कच्या इमिग्रेशन जज्जनं नाकारलं, आता इमिग्रेशन अपील बोर्डानंही अपील फेटाळलं. त्याची आई सरपंचांचं पत्र नि पोलीस पाटलांचा दाखला वरच्या कोर्टात कुरिअर करायला निघाली आहे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही तिच्या. कुणाला माहीत असेल तर आजच लिहा.
– काकू

काकू, नमस्कार.
कुरिअर थांबवा. आधी बोर्डाच्या निकालावरची तारीख बघायला सांगा. त्या तारखेपासून ३० दिवसांत फिलाडेल्फियाच्या थर्ड सर्किट कोर्टात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या वरच्या कोर्टात, पिटिशन फॉर रिव्ह्यू (निकाल तपासण्याचा अर्ज) पोचायला हवी. पोस्टात टाकली एवढ्यानं भागत नाही. निकाल हातात उशिरा पडला तरी दिवस तारखेपासूनच मोजतात.

माणसं फसतात ती पुढे. नुसत्या पिटिशननं डिपोर्टेशन थांबत नाही, स्टेचा, म्हणजे स्थगितीचा, वेगळा अर्ज लागतो. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये न्केन विरुद्ध होल्डर खटल्यात सांगितलंय की केवळ देशाबाहेर पाठवणं म्हणजे भरून न येणारं नुकसान नव्हे, कारण केस तिकडूनही चालू राहू शकते. म्हणून परतल्यावर जिवाला काय धोका आहे ते अर्जात स्पष्ट मांडायला हवं.

सर्किट कोर्ट नवा कागद घेत नाही, रेकॉर्डवरच, म्हणजे आधी दाखल झालेल्या कागदांवरच, निर्णय देतं. कायद्याची चूक ते स्वतः नव्यानं तपासतं. जज्जनं ठरवलेल्या घटनांना मात्र सहसा हात लावत नाही. नवा पुरावा बोर्डाकडे, मोशन टू रीओपन (केस पुन्हा उघडण्याचा अर्ज) करून, साधारण ९० दिवसांत. तो आधीच्या सुनावणीत देता आला नसता हेही दाखवावं लागतं. आणि या मोशनमुळे ते ३० दिवस वाढत नाहीत. सुनावणीनंतर गावात काही घडलंय का?
– एडिसनहून

अरे, घडलंय! शिमग्यात दोघे दारात येऊन धमकावून गेले. सुनावणी त्याच्या आधीच संपली होती. पोलिसांत कुणी गेलं नाही, भीतीनं.
– काकू

काकू, मग तेच मोलाचं. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांची प्रतिज्ञापत्रं करा, तारखेसह, इंग्रजी भाषांतर जोडून. तक्रार का केली नाही तेही त्यात लिहा. पण पिटिशन त्यासाठी अडवू नका. वकील आजच गाठायला सांगा. बोर्डापुरताच नेमलेला असेल तर तो पुढचं आपोआप करणार नाही.
– एडिसनहून