मदत हवी आहे : सोलापूरच्या सेटलमेंटमधील जुन्या नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्यासही लागू झाल्यावर आमच्या पणजोबांसारख्या असंख्य लोकांना तारेच्या कुंपणाआडच्या सरकारी वसाहतींत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, हजेरी देत राहावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली आणि पोलिसांचा संशय काही सुटला नाही.

आता पुतणीच्या विमुक्त जातीच्या (त्या कायद्यातून मुक्त झालेल्या जमातींच्या) प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा मागितला जात आहे. ज्यांच्याजवळ ना सातबारा होता ना शाळेचा दाखला, त्यांनी तो कोठून आणावा? ज्या हजेरीपटाने आमच्या माणसांचा अपमान केला, तोच आज एकमेव आधार ठरावा, हे मनाला फार लागते.

या वसाहतींची हजेरीपुस्तके व कुटुंबनोंदी पुराभिलेखागारात आहेत, समाजकल्याण खात्याकडे आहेत की पोलीस दप्तरात, आणि अर्ज कोणाच्या नावे करावा, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे. जातीच्या पडताळणीसाठी घरी येऊन होणाऱ्या गृहचौकशीच्या वेळी कोणती कागदपत्रे ग्राह्य धरली गेली, तेही कळवावे.