जुन्या आयबीसी टाक्या आणि कॉस्टिक लाय
वाळूजच्या शेडसाठी हजार लिटरच्या जुन्या आयबीसी टाक्या (धातूच्या पिंजऱ्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या) घेऊन त्यांत ४८ टक्के कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचे पाण्यातील द्रावण) ठेवावी का, असे आपण विचारले आहे. भाव करण्याआधी पिंजऱ्यावरची पाटी वाचावी. या लायची घनता लिटरला सुमारे १.५ किलो असल्याने भरलेल्या टाकीत नुसता द्रवच दीड टन होतो, आणि पाटीवरील मर्यादा त्याहून कमी असेल तर ती टाकी फुकटातही नको. आमच्याकडे दोन उन्हाळे उघड्यावर काढलेल्या टाकीचा कोपरा नखाने खरवडला तरी प्लास्टिकची पांढरी भुकटी निघे (मराठवाड्याचे ऊन ते!), म्हणून छप्पर हवेच. नळीची कॅमलॉक (खटक्याने बसणारी) जोडणी मात्र ॲल्युमिनियमची मुळीच नसावी, कारण लाय ती खाते आणि हायड्रोजन सुटतो.